निडीला धावलेले हात

४ मे २०१४ रोजी दिवा–सावंतवाडी पॅसेंजर नागोठणे आणि रोह्यादरम्यान निडी गावाजवळ रुळांवरून घसरली. वीसच्या आसपास माणसं गेली, शंभराहून अधिक जखमी झाली. तेव्हा आजूबाजूच्या गावांतले लोक हातातलं काम टाकून डब्यांत शिरले, अडकलेल्यांना बाहेर काढू लागले. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडला सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या पुरात गेल्या. तिथेही जवळच्या गॅरेजमधल्या एका माणसाने धावत जाऊन मागून येणारी वाहनं अडवली. रायगड जिल्ह्याला मदतीला धावणं शिकवावं लागत नाही.

पण संकट माणसाच्या रूपात समोर आलं की आपण बिचकतो. १४ ऑगस्ट २००२च्या रात्री बोरिवली लोकलमध्ये एका मतिमंद मुलीवर बलात्कार झाला. डब्यात पाच प्रवासी होते. ऑगस्ट २०२४मध्ये इगतपुरीजवळ धुळे एक्सप्रेसमध्ये एका वृद्धाला गोमांसाच्या संशयावरून मारहाण झाली. चित्रफीत देशभर पसरली आणि त्यावरून गुन्हा दाखल झाला, हे बरंच झालं. पण चित्रफितीने त्याचा मार चुकला नाही. एकत्र उठणं आपल्याला जमत नाही असंही नाही. २ जानेवारी २०१५ला गाड्या रखडल्या तेव्हा दिवा स्थानकात प्रवाशांनीच दगडफेक केली. स्वतःच्या खोळंब्यासाठी उठलेली ती गर्दी शेजारच्या बाईसाठी उठत नाही, याचा मला राग आहे.

पेणहून रोह्याकडे निघालेल्या मेमूत कासू, नागोठणे येईपर्यंत पोलीस चढेलच असं नाही. तेवढा वेळ डबा प्रवाशांचाच असतो. अशा वेळी एखादा दारुडा एखाद्या बाईला त्रास देऊ लागला, तर त्याच्याशी मारामारी करायची गरज नाही, त्याला बडवून काढणं तर नाहीच नाही. चौघांनी उठावं, "ताई, इकडे आमच्यात बसा" म्हणावं आणि मध्ये उभं राहावं. एकाने १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक लावावा. पूर्वीचा १८२ त्यातच विलीन झाला आहे. विनाकारण साखळी ओढली तर शिक्षा होते, जीव किंवा अब्रू धोक्यात असेल तर ते कारण पुरेसं आहे. मात्र शक्यतो गाडी फलाटाला असताना ओढावी, म्हणजे मदत पोहोचते. हद्दीचा प्रश्नही उरलेला नाही: १ जुलै २०२४पासूनच्या नव्या फौजदारी कायद्याप्रमाणे पेणजवळ घडलेल्या गुन्ह्याची तक्रार रोह्यातही घ्यावीच लागते.

आपण सगळ्यात जास्त मागे हटतो ते साक्षीला. तेव्हा रोह्याला उतरलात की रिक्षाकडे पळू नका. त्या बाईबरोबर पोलिसांपर्यंत जा आणि साक्षीदार म्हणून आपलं नाव लिहून द्या.