पूर्वेची नदी, पश्चिमेची वीज

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. या वळणाच्या वरच्या अंगाला, सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, 1960च्या दशकात 103 मीटर उंचीचे धरण पूर्ण झाले. त्याच्या शिवसागर जलाशयात सुमारे 105 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते. मात्र कोयनेच्या बहुतेक विजेचे मूळ धरणाच्या उंचीत नाही, सह्याद्रीच्या कड्यात आहे.

जलाशयाच्या पश्चिमेला घाटमाथा संपतो आणि जमीन एकदम कोकणात उतरते. डोंगराच्या पोटातील बोगद्यांनी पाणी त्या बाजूला नेले की त्याला पावणेपाचशे मीटरच्या आसपास उतार मिळतो. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात त्याची जोरदार धार पेल्टन चक्रांच्या वाट्यांवर आदळते. एवढ्या उंचीवरून आलेले हजार लिटर पाणी एक युनिटहून थोडी जास्त वीज देते. बाहेर पडणारे अवजल कोळकेवाडी धरणात अडवले जाते, अलोरे येथे आणखी शंभरेक मीटर खाली उतरताना पुन्हा जनित्रे फिरवते आणि वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळते.

पोफळीच्या पहिल्या दोन टप्प्यांची क्षमता 600 मेगावॉट, अलोरेच्या तिसऱ्याची 320 आणि चौथ्याची 1000 मेगावॉट आहे. चौथ्या टप्प्यासाठी 13 मार्च 1999 रोजी ‘लेक टॅपिंग’ झाले. बोगदा जलाशयाच्या तळाखाली आणून ठेवला होता. मध्ये राखलेला खडक सुरुंगाने उडवून पाणी आत घेण्यात आले. त्यासाठी जलाशय रिकामा करावा लागला नाही.

ही क्षमता अखंड वापरता येत नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. पहिला, दुसरा आणि चौथा टप्पा रात्रंदिवस पूर्ण क्षमतेने चालवले, तर हा कोटा सुमारे दोन महिन्यांत संपेल. त्यामुळे रोजची अखंड मागणी मुख्यतः औष्णिक केंद्रे भागवतात आणि कोयनेचे पाणी मागणी चढण्याच्या वेळांसाठी राखले जाते. औष्णिक संच थंड अवस्थेतून सुरू व्हायला कित्येक तास लागतात; जलविद्युत संच काही मिनिटांत भार उचलतो आणि मागणी ओसरताच बंदही करता येतो.

सिंचनासाठी पूर्वेला सोडलेले पाणी धरणाच्या पायथ्याशी 20 मेगावॉटचे दोन संच चालवते. ते धरून प्रकल्पाची एकूण क्षमता 1960 मेगावॉट होते. पाण्याचे वर्ष 1 जूनला सुरू होते आणि त्या दिवशी पश्चिमेकडच्या 67.5 टीएमसीचा हिशेब पुन्हा शून्यापासून मांडला जातो.