लसणाच्या दर्पाचे शुभ्र फूल

केप वसाहतीचा कारभार १७५१ पासून १७७१ पर्यंत ज्याच्या हाती होता, त्या राइक टुलबाख या डच गव्हर्नराने दक्षिण आफ्रिकेतील वनस्पतींचे नमुने स्वीडनला लिनियसकडे रवाना केले, आणि लिनियसने एका कंदवर्गीय प्रजातीस ‘टुलबाघिया’ हे नाव देऊन त्याची कृतज्ञ नोंद ठेवली. तिच्यातील जांभळट फुलांची जाती बागांतून अधिक आढळते. परंतु तिचाच शुभ्र फुलांचा प्रकार सातारा-सांगलीकडील पुष्पप्रेमी मंडळींनी अवश्य लावावा. पर्णहीन दांड्याच्या अग्रावर तारकाकृती फुलांचे छत्र उमलते, आणि त्या निर्मळ रूपात लसणाचा मागमूसही नसतो. अरुंद पान बोटांत चुरगाळले, की मात्र दर्प तत्काळ नाकाशी भिडतो.

हा दर्प अखंड पानात तयार नसतोच. लसणाच्या पेशीत ॲलीन हे गंधकयुक्त द्रव्य एका कप्प्यात आणि त्याचे विघटन करणारे वितंचक दुसऱ्या कप्प्यात बंदिस्त असते. किडीच्या दातांनी वा सुरीच्या पात्याने मधला पडदा फाटला, की दोहोंचा संयोग होऊन उग्र ॲलिसिन जन्मास येते. टुलबाघियात ॲलीनच्या जागी मॅरास्मिन हे त्याचेच भावंड असते, एवढाच काय तो भेद. म्हणजे हा गंध वनस्पतीचा शृंगार नसून, जखम होताच सिद्ध होणारे तिचे शस्त्र आहे.

सांगलीच्या कृष्णाकाठची काळी जमीन पाणी धरून ठेवते, म्हणून तेथे वाफा उंच करून त्यात वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे. साताऱ्याच्या मुरमाड उतारावर निचऱ्याची ही तजवीज बहुधा लागत नाही. गड्डे वीतभर अंतराने, फार खोल न जाता लावावेत, आणि दाटी झाली की पावसाळ्याच्या तोंडी फोडून वेगळे करावेत. ऊन मात्र भरपूर हवे. पांढरी रेन लिली दिसण्यात हिच्याशी जुळते आणि तिचा कांदा विषारी असतो. तेव्हा विकत घेताना पान चुरगाळून वास घ्यावा.

याच कुलातील पॅनक्रॅशियमची पांढरी फुले पहिल्या पावसात कासच्या पठारावर, जांभ्या खडकावरील मातीच्या पातळ थरातून वर येतात. २०१२ पासून जागतिक वारशात समाविष्ट असलेल्या त्या पठारावरील कांदा बागेच्या हौसेपायी कोणी उपटू नये. शेजाऱ्याच्या वाफ्यातील एक फुटवा मागून आणावा.