वाट देण्याची जागा

माणसाचा स्वभाव घरांत दिसत नाहीं असें नाहीं. पण घरांत त्याला झांकावयास जागा पुष्कळ असते. नवरा रागावला तर ओटीवर जाऊन बसतो, बायको रागावली तर स्वयंपाकघरांतील भांड्यांचा आवाज थोडा वाढतो, आणि पानें मांडीपर्यंत सर्व निवळतें. परमुलखांत, भाड्यानें घेतलेल्या मोटारींत, दोन बैठकी आणि मध्यें गिअरचा दांडा एवढ्याच जागेंत पांच दिवस काढावयाचे म्हणजे हा आडोसा राहत नाहीं. आम्हां उभयतांवर असा प्रसंग २०२४ सालच्या जून महिन्यांत स्कॉटलंडांत आला. मुलें परदेशीं असलेल्या आमच्या वयाच्या पुष्कळ जोडप्यांवर तो येण्याचा संभव आहे, म्हणून जसा घडला तसा सांगतों.

आम्हीं आयुष्यभर शाळेंत संस्कृत शिकविलें. साहजिकच आधीं सूत्र आणि मागाहून उदाहरण, अशी आमच्या बुद्धीची ठेवण झाली आहे. वेळापत्रक, नकाशा आणि खर्चाची वही यांवांचून आम्ही घराबाहेर पडत नाहीं. सौभाग्यवतीचें शास्त्र निराळें. "तिथें गेल्यावर पाहूं" हेंच तिचें वेळापत्रक. वाटेंत चार मेंढ्या दिसल्या तरी तिला थांबावेंसें वाटतें, आणि ज्याची भाषा धड कळत नाहीं अशा दुकानदाराच्याही घरची खुशाली ती विचारून येते. पन्नाशी उलटल्यावर ती मोटार चालवावयास शिकली, आणि वाईहून पसरणीच्या घाटानें पांचगणीस आम्हांस तिनें कितीदां तरी नेलें आहे. तिचा हात आमच्यापेक्षां खात्रीचा, हें आम्हांसही मान्य आहे. म्हणून असें ठरलें कीं, गाडी तिनें चालवावी, आणि नकाशा व हिशेब आम्हीं पाहावा.

आमची कन्या एडिंबरा येथें नोकरीस आहे. तिला रजा नव्हती, तेव्हां आम्ही दोघेंच आगगाडीनें इन्व्हर्नेस गांवीं गेलों आणि तेथें मोटार घेतली. ब्रिटनमध्यें आपल्याकडच्या पाहुण्यास स्वतःच्या देशाच्या परवान्यावर बारा महिनेपर्यंत मोटार चालवितां येते, आणि वाहनें आपल्यासारखींच डावीकडून जातात. त्यामुळें फारसें नवें शिकावें लागत नाहीं. नवें तें इतकेंच कीं, अंतरें मैलांत मोजावयाचीं, आणि वळणाचा दिवा लावण्याची कांडी स्टिअरिंगच्या डाव्या बाजूस. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ती उजवीकडे असते. पहिल्या दिवशीं प्रत्येक वळणावर दिव्याऐवजीं वायपर चालूं होत, आणि लख्ख उन्हांत आमची गाडी कपाळाचा घाम पुशीत चालली आहे असें वाटे. सौभाग्यवती हंसत होती, आम्ही दर वेळीं "डावी कांडी, डावी!" असें बजावीत होतों.

गाडी देतांना कचेरींतील तरुणानें करारपत्र पुढें केलें. आम्हीं तें शेवटच्या ओळीपर्यंत वाचलें. गाडीला इजा झाली तर ठराविक रकमेपर्यंतचा भार भाडेकऱ्यानें सोसावयाचा असतो; आणि टायर, कांचा व गाडीचा तळ हीं तर साध्या विम्यांत धरलेलींच नव्हतीं. त्यांच्यासाठीं वेगळे पैसे भरावे लागत. सौभाग्यवती म्हणाली, "भरून टाका. जिवाला घोर नको." आम्ही म्हणालों, "सावकाश जाणाऱ्यास टायरचा विमा कशाला?" आणि नकाराच्या चौकटींत सही केली.

पहिले दोन दिवस सुखाचे गेले. इंग्लंड व वेल्स येथील सर्व सरोवरांत मिळून नाहीं इतकें पाणी ज्या एकट्या नेस सरोवरांत आहे, त्याच्या कांठानें आम्ही पश्चिमेस गेलों, आणि १९९५ सालीं बांधून झालेल्या पुलावरून स्काय बेटांत उतरलों. तेथील पाट्या इंग्रजीबरोबर गेलिक भाषेंतही आहेत. पोर्ट्री गांवीं एक लहानसा गेलिक कोश घेतला, तों दोनाला 'दा', तिनाला 'त्री', राजाला 'री'! इतक्या दूरच्या बेटावर आपल्या शब्दांचे भाऊबंद भेटल्यावर आम्हांस प्रत्येक पाटीपाशीं उतरावेंसें वाटूं लागलें. "दर पाटीला थांबायचें, तर बेट केव्हां पाहायचें?" असें सौभाग्यवतीनें विचारलें. मेंढ्यांसाठीं थांबणें तिला चालत होतें, हें येथें नमूद करतों.

आतां मुख्य प्रसंग. त्या बेटावरील पुष्कळ रस्ते एका गाडीच्या रुंदीचे आहेत, आणि वाहनें मात्र दोन्ही दिशांनीं येतात. म्हणून थोड्याथोड्या अंतरावर रस्ता एका अंगास रुंद केलेला असतो व तेथें 'पासिंग प्लेस' अशी पांढरी पाटी असते. वाट देण्याची ती जागा. ती आपल्या डावीकडे असेल तर तींत शिरावें. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूस थांबावें, म्हणजे समोरचा तींतून निघून जातो. मागून कोणी घाईचा येत असेल तर त्यालाही तेथेंच वाट द्यावी. तेथें गाडी लावून देखावे पाहत बसूं नये. चढ चढणाऱ्यास, शक्य असेल तेव्हां, उतरणाऱ्यानें वाट द्यावी. आपल्या घाटांतही हाच संकेत आहे. आणि जरूर पडल्यास मागें हटून जागा गांठावी. हे सर्व नियम आम्हीं पाठ केले होते. 'शक्य असेल तेव्हां' आणि 'जरूर पडल्यास' हे शब्द मात्र पाठांतरांतून निसटले होते.

तिसऱ्या दिवशीं स्टॅफिनहून क्विराइंगच्या डोंगरावरून यूइगकडे जाणाऱ्या रस्त्यानें आम्ही चढत होतों. तो डोंगर कडे ढांसळून झालेला आहे व अजूनही थोडाथोडा सरकतो, त्यामुळें तेथील रस्ता वरचेवर दुरुस्त करावा लागतो. एका वळणाआडून, प्रवासी जींत राहतात व निजतात तसली एक मोठी व्हॅन उतरत आली. तिच्यामागें आणखी दोन गाड्या होत्या. वाट देण्याची जागा आमच्या मागें वीस पावलांवर होती. सौभाग्यवतीनें मागें जाण्याचा गिअर टाकला.

"थांब," आम्ही म्हणालों. "आपण चढतों आहोंत. हटायचें त्यांनीं."

"अहो, ते तिघे आहेत आणि आपण एकटे. शिवाय जागा आपल्याजवळ आहे."

"नियम तो नियम."

ती थांबली. व्हॅनही थांबली. कोणीच हलेना. शेवटीं आम्हींच तोड काढली : "डावीकडे घे. आणखी डावीकडे. जाईल ती." डावीकडचें चाक डांबर सोडून गवतांत उतरलें, आणि गवताखालीं दगड होता. आवाज अगदीं लहान झाला. व्हॅन आमच्या कडेनें हळूच निघून गेली. जातांना तिच्या चालकानें हात वर करून आभार मानले, तें आम्हांस अधिकच लागलें.

टायरची बाजू चिरली होती. गाडींत जादा चाक नव्हतें. छिद्र बुजविण्याच्या औषधाची बाटली व हवा भरण्याचें यंत्र एवढेंच होतें. कडेच्या चिरेला तें औषध लागू पडत नाहीं. गाडी ओढून पोर्ट्रीस न्यावी लागली, आणि टायरचा व ओढण्याचा खर्च मिळून पांच दिवसांच्या भाड्याच्या निम्म्याहून अधिक झाला.

त्या संध्याकाळीं आमच्या तोंडून जें व्याख्यान झालें, त्याची आठवण सुखाची नाहीं. "तुझें लक्ष नव्हतें" येथून आरंभ झाला, आणि गेल्या तीस वर्षांत तिचें कोठें कोठें लक्ष नव्हतें येथपर्यंत तें पोंचलें. वहींत आम्हीं तांबड्या शाईनें लिहिलें : 'टायर. सौ.ची चूक.' ती कांहीं बोलली नाहीं. तेथें जून महिन्यांत रात्रीं दहा वाजून गेल्यावर सूर्य मावळतो. एवढ्याशा खोलींत, इतक्या लांबलेल्या उजेडांत, एकमेकांची दृष्टि चुकविणें फार कठीण जातें.

सकाळीं तिनें किल्ली आमच्यापुढें ठेवली. "आजपासून तुम्हीच चालवा."

चवथ्या दिवशीं आम्हीं गाडी चालविली. वायपर आमच्या हातूनही फिरले. ती हंसली नाहीं. रस्त्यांत मेंढ्या आल्या आणि गेल्या. तिनें थांबा म्हटलें नाहीं. वेळापत्रक प्रथमच मिनिटामिनिटास बरोबर पाळलें गेलें, आणि त्याचें सुख मुळींच वाटलें नाहीं.

दुपारीं इंधन भरावयास थांबलों. तेथें भरून देणारा मनुष्य नसतो. आपणच नळी उचलून भरावयाचें व मग आंत जाऊन पैसे द्यावयाचे. हिरवी नळी पेट्रोलची, काळी डिझेलची. आमची गाडी डिझेलची होती, आणि आमच्या हाताला हिरवी नळी आली. पेट्रोलच्या नळीचें तोंड अरुंद असतें, म्हणून तें डिझेलच्या टाकींत बिनतक्रार शिरतें. डिझेलची नळी जाड असल्यामुळें उलट चूक सहसा घडत नाहीं. पैसे देऊन पावती तपासली, तेव्हां तींत पेट्रोलचें नांव दिसलें.

आम्ही परत गाडींत येऊन बसलों. किल्ली हातांत होती. सौभाग्यवती खिडकीबाहेर पाहत होती. तिला कांहीं ठाऊक नव्हतें. खोटें कशाला सांगावें, गाडी सुरू करून पाहावी असा विचार मनांत आला. कदाचित् चालेल. बंद पडली तर इतक्या जुनाट गाड्या भाड्यानें देणाऱ्यांस नांवें ठेवितां येतील. पावती खिशांतच राहील. चाळीस वर्षें मुलांच्या वह्यांतील चुका शोधलेल्या माणसानें स्वतःची चूक लपविण्याचा बेत किती झटकन केला, हें पाहून आमचें आम्हांसच नवल वाटलें.

"माझ्या हातून चूक झाली," आम्ही म्हणालों, आणि पावती तिच्यापुढें धरली.

तिनें ती वाचली. "गाडी सुरू केली नाहीं ना? मग अजून कांहीं बिघडलेलें नाहीं." एवढें बोलून ती उतरली व दुकानांत गेली. डिझेलच्या पंपाला वंगण त्या तेलाचेंच असतें. पेट्रोल आंत गेलें कीं तें वंगण जातें आणि यंत्र झिजतें, म्हणून इंजिन सुरू न करणें हाच खरा उपाय. दुकानांतील बाईनें दूरध्वनि केला, दोघांनीं गाडी ढकलून बाजूस लावली, आणि टाकी उपसणारा मनुष्य तीन तासांनीं येईल असें कळलें. तोंवर त्या बाईनें आम्हांस चहा दिला. तिच्या नातवंडांचीं वयें आमच्या सौभाग्यवतीला पंधरा मिनिटांत कळलीं होतीं.

बांकावर बसल्या बसल्या आम्ही म्हणालों, "कालचा टायरही माझाच."

"तें मला कालच ठाऊक होतें," ती म्हणाली. "तुम्ही केव्हां म्हणतां, एवढेंच पाहायचें होतें." मग थोड्या वेळानें म्हणाली, "पण तीस वर्षांचें काढलेंत, तें टायरमध्यें धरूं नका. तें वेगळें आहे."

यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. टायर बदलून मिळतो. टाकी उपसण्यास टायरहून अधिक खर्च आला, तोही दिला. बोललेले शब्द मात्र कोणी उपसून नेत नाहीं. तिची क्षमा आम्हीं त्या बांकावर मागितली. ती तिनें लगेच दिली असें नाहीं. वहींतील तांबडी ओळ तिच्यासमोर खोडली आणि दोन्ही खर्च 'रस्ता' या सदराखालीं काळ्या शाईनें लिहिले.

जाणाऱ्यांस अनुभवाचे चार शब्द. गाडी ताब्यांत घेतांना चारी बाजूंचीं छायाचित्रें काढून ठेवा. जादा चाक आहे कीं नाहीं तें पाहा. टाकीच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस कोणतें तेल भरावयाचें तें लिहिलेलें असतें. तें दोघांनींही मोठ्यानें वाचा. विम्याविषयीं दोघांचें मत भिन्न असेल तर भित्र्याचें ऐका. आणि एकमेकांची चूक तेथेंच, त्या चुकीपुरतीच, बोला.

पांचव्या दिवशीं किल्ली पुन्हां तिच्या हातांत होती. पुलाकडे परततांना एका चढावर समोरून एक वृद्ध गृहस्थ आपली लहान गाडी घेऊन उतरत आले. नियमानें वाट आमची होती. जागा आमच्या मागें दहाबारा पावलांवर होती. सौभाग्यवतीनें गाडी थांबवून आमच्याकडे पाहिलें.

"घे मागें," आम्ही म्हणालों.

तिनें घेतली. म्हातारबुवांनीं जातांना हात वर केला. आम्हीं दोघांनींही केला. नंतर पुढच्या वळणावर मेंढ्या होत्या, तेथें पंधरा मिनिटें थांबलों.