तुम्ही काम काय करता?

मुलांनो, सोमवार कुणाकुणाला आवडत नाही? हात वर करा पाहू! रविवारी दिवसभर हुंदडून झालं की सोमवारी सकाळी काहीजणांचं नेमकं पोट दुखायला लागतं. शाळेची घंटा होऊन गेली की ते आपोआप थांबतं. आम्हा शिक्षकांना हे दुखणं चांगलं ओळखता येतं, बरं का!

पण आज मी तुम्हाला सोमवारचं एक खरंखुरं दुखणं सांगणार आहे.

मुंबईत पूर्वी कापडाच्या खूप गिरण्या होत्या. त्यांत कापूस पिंजण्याच्या खात्यात हवा कापसाच्या बारीक धुळीनं भरलेली असे. तिथं वर्षानुवर्षं काम केलेल्या काही कामगारांना एक विचित्र त्रास व्हायचा. सुटी संपवून सोमवारी कामावर गेलं की छाती आवळल्यासारखी व्हायची, धाप लागायची, खोकला यायचा. मंगळवारी त्रास जरा कमी. शनिवारपर्यंत आणखी कमी. पुन्हा सोमवार उजाडला की येरे माझ्या मागल्या!

असं का होत असेल? सुटीच्या दिवशी फुप्फुसांना धुळीपासून मोकळीक मिळायची आणि ती थोडी सावरायची. सोमवारी पुन्हा धूळ आत शिरली की श्वासनळ्या एकदम आकसायच्या. या आजाराचं नाव बायसिनोसिस. सुरुवातीला तो फक्त सोमवारी दिसतो. पण कामगार त्याच धुळीत राहिला, तर पुढं आठवड्याचा प्रत्येक दिवसच सोमवार होऊन बसतो. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पण सूतगिरण्यांत आणि जिनिंगमध्ये कापसाची धूळ आजही उडतेच.

एक जादा प्रश्न

आता सुमारे तीनशे वर्षं मागं जाऊ या. इटलीत मोडेना नावाच्या गावी बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे डॉक्टर राहत होते. एकदा त्यांच्या घरचा मैलाखड्डा साफ करायला एक कामगार आला. तो अगदी घाईघाईनं काम उरकत होता. रामाझिनींनी विचारलं, "एवढी घाई कशाला?" तो म्हणाला, या खड्ड्यात चार तासांपेक्षा जास्त थांबलं तर माणूस आंधळाच व्हायचा! डॉक्टरांनी त्याचे डोळे पाहिले. ते लालभडक झाले होते आणि त्याला अंधुक दिसत होतं.

दुसरा कुणी असता तर औषध देऊन मोकळा झाला असता. पण रामाझिनी कामगारांच्या मागं गेले. त्यांच्या कामाच्या जागी जाऊन त्यांनी नीट पाहिलं आणि 1700 साली कामगारांच्या आजारांवर एक पुस्तकच लिहिलं. रोग्याला कोणकोणते प्रश्न विचारायचे हे जुन्या वैद्यांनी सांगून ठेवलं होतं. रामाझिनी म्हणाले, त्यांत आणखी एक प्रश्न वाढवा : तुम्ही काम काय करता?

प्रश्न किती साधा! पण तो विचारला नाही तर काय होतं, ते तुमच्या पाटीवरच्या पेन्सिलीची गोष्ट ऐकलीत की कळेल.

पेन्सिलीची धूळ

पाटीवरची पेन्सिल कुणी लेखणीही म्हणतं. मध्य प्रदेशातल्या मंदसौर भागात तिचा मोठा धंदा होता. तिथला दगड विजेवर फिरणाऱ्या करवतीनं कापून पेन्सिली करत. कापताना धुळीचा नुसता लोट उठायचा. या धुळीत सिलिका असते. तिचे सर्वांत घातक कण आपल्या केसाच्या जाडीहूनही कितीतरी बारीक असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, नाकातल्या केसांत अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या टोकाशी जाऊन बसतात. तिथं जखम भरल्यावर पडतात तसे कडक व्रण तयार होतात. स्पंज सुकून कडक व्हावा, तसं फुप्फुस कडक होत जातं. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. एकदा पडलेले व्रण कोणत्याही औषधानं जात नाहीत.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी मंदसौरच्या कामगारांना तपासलं. त्यांना निम्म्याहून अधिक जणांत हा आजार आढळला. त्यांत तरुणही होते. ज्या पेन्सिलीनं आपण 'अ आ इ' गिरवलं, तिच्यासाठी कुणीतरी आपला श्वास खर्ची घातला होता!

या आजारातला खोकला, धाप, खंगणं हे सगळं क्षयरोगासारखंच दिसतं. 'काम काय करता?' हे कुणी विचारलंच नाही, तर कामगाराला नुसती क्षयाची औषधं मिळतात आणि बिचारा पुन्हा त्याच धुळीत जाऊन उभा राहतो. दगडखाणीत, खडी फोडताना, फरशी कापताना आजही हा धोका आहे. तोंडाला रुमाल बांधून हे कण अडत नाहीत. दगड कापताना पाणी सोडायचं, धूळ ओढून घेणारं यंत्र लावायचं, हा खरा उपाय. म्हणजेच हा आजार बरा होत नसला तरी टाळता मात्र नक्की येतो.

पाठीवरचं ओझं

बाजार समितीत हमालकाका पोती वाहताना तुम्ही पाहिलेच असतील. आपल्या कण्याच्या मणक्यांमध्ये मऊ चकत्या असतात. वाकून, कमरेत वळून जड पोतं उचललं की त्या चकत्यांवर दाब येतो. वर्षानुवर्षं असं झालं की चकती सरकते आणि कमरेतली कळ थेट पायात उतरते. साखरेची, धान्याची पोती पूर्वी 100 किलोची असत. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनं 1967 साली शिफारस केली, की एका पुरुषानं वाहायचं ओझं 55 किलोंहून जास्त असू नये. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटील यांनी डोक्यावर ओझं वाहणाऱ्या माथाडी कामगारांना एकत्र आणलं आणि 1969 साली त्यांच्यासाठी खास कायदा झाला. तोपर्यंत पाठ गेली की पोटही गेलं, अशीच गत होती.

बसून काम, तरी आजार?

आमच्या वर्गात एकदा 'माझे बाबा' हा निबंध दिला होता. एका ट्रकचालकाच्या मुलानं लिहिलं, 'माझ्या बाबांचं काम सोपं आहे, ते नुसते बसून असतात.' वर्ग हसला. पण बसणं खरंच सोपं असतं का?

लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसच्या हजारो कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून 1953 साली तो प्रसिद्ध केला. गाडी एकच, रस्ता एकच. पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत असलेला. हृदयविकाराचे झटके कंडक्टरपेक्षा ड्रायव्हरना जास्त येत होते!

त्यात आपल्याकडचे खड्डे. प्रत्येक हादरा कमरेच्या मणक्यांपर्यंत पोचतो. इंजिनाची धग, कर्कश हॉर्न आणि वाटेत स्वच्छतागृह नाही म्हणून तासन् तास लघवी रोखून धरणं, कमी पाणी पिणं. त्यातून मूत्रमार्गाचे आजार होतात.

आणि सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे झोप. गणित करून बघा. ताशी 80 किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 22 मीटर जाते. ड्रायव्हरला फक्त तीन सेकंद डुलकी लागली तर? 66 मीटर! म्हणजे कबड्डीची पाच मैदानं लांबीला लांबी लावून ठेवली, तेवढं अंतर गाडी डोळे मिटून धावली. दिवसाला 8 तास काम आणि 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच लिहिलेलं होतं. पण माल वेळेत पोचवायचा म्हणून रात्र-रात्र गाडी हाकणारे चालक आजही कमी नाहीत. निदान आता 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मालट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचं केलं आहे.

तुमचा गृहपाठ

'नशिबातच होतं' असं आपण पटकन म्हणून टाकतो. पण धूळ, ओझं, हादरे, अपुरी झोप ही काही नशिबाची नावं नाहीत. ती कारणं आहेत, आणि कारण सापडलं की उपाय शोधता येतो.

म्हणून या आठवड्यात एक करा. आई, बाबा, काका, शेजारच्या मावशी, कुणाही कष्ट करणाऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारा. तुम्ही काम काय करता? कामानंतर काय दुखतं? आणि सुटीच्या दिवशी ते कमी होतं का? उत्तरं वहीत लिहून ठेवा. तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं, तर कामाकडे जरूर लक्ष द्या. पण 'नाही' आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. सिलिकोसिसला सुटी कळत नाही!

घरातलं कुणी आजारी पडून दवाखान्यात निघालं तर तुम्हीही बरोबर जा. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी न घाबरता सांगा, "डॉक्टर, माझे बाबा दगड फोडतात. दहा वर्षं झाली."

तुमचं हे एक वाक्य डॉक्टरांना फार उपयोगी पडेल.