कोईच्या तळ्यातलं पाणी: ऐकीव काय, खरं काय

मुळशी तालुक्यात रिहे गावाच्या परिसरात घर बांधलं की अंगणात छोटं तळं करून त्यात कोई सोडायची हौस अनेकांना असते. सुरुवातीला पाणी छान दिसतं, मग हिरवं होतं आणि घरच्या घरी फिल्टर बनवायचा बेत ठरतो. बेत चांगलाच आहे. नीट बनवलेला घरगुती फिल्टर विकतच्या महागड्या फिल्टरइतकंच काम करतो. पण फिल्टर म्हणजे गाळणी, हा समज आधी काढून टाकायला हवा.

हा समज शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातून आलेला असतो: खाली खडी, मध्ये कोळसा, वर वाळू. गढूळ पाणी गाळायला ही रचना ठीक. माशांच्या तळ्यात मात्र वाळूचा थर विष्ठेने आणि शेवाळाने लवकरच लिंपून जातो, आत हवा पोचत नाही आणि अडकलेली घाण तिथेच कुजते. कोळसा पाण्याचा पिवळट रंग थोडे दिवस शोषतो, पण अमोनियाला जवळजवळ हात लावत नाही.

आणि खरा शत्रू अमोनियाच आहे. मासा तो मुख्यतः कल्ल्यांवाटे सोडतो; एक किलो खाद्यामागे साधारण ३० ग्रॅम. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे तळाचा खडा न् खडा दिसेल इतकं नितळ पाणीही माशाला मारू शकतं. उलट हिरवं पाणी म्हणजे घाण पाणी, असंही नाही. रोहू-कटल्याची शेती करणारे तळ्यात शेणखत टाकून पाणी मुद्दाम हिरवं करतात. कोई हा त्यांच्या तळ्यातल्या सायप्रिनस (कॉमन कार्प) माशाचाच रंगीत वाण, जपानच्या नीगाता भागात एकोणिसाव्या शतकात जोपासलेला. त्याला हिरव्या पाण्याचं वावडं नाही. फक्त पाणी फारच दाट हिरवं असेल तर पहाटे त्यातला प्राणवायू घटतो, तेव्हा हवेचा पंप चालू हवा.

फिल्टरचं मुख्य काम जिवाणू करतात. एका गटातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटातले त्याचं बरंच कमी घातक असं नायट्रेट. त्यांना चिकटून राहायला जागा लागते आणि प्राणवायू लागतो. त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे जातात, म्हणून ‘फिल्टर लावला, आठवड्यात पाणी स्वच्छ’ ही अपेक्षा चुकीची आहे. त्या काळात मासे थोडेच ठेवावेत आणि खाद्यही बेताने घालावं.

‘रात्री मासे झोपतात, पंप बंद केला तरी चालतो’ हे तर सर्रास ऐकू येतं. वाहतं पाणी थांबलं की फिल्टरमधला प्राणवायू काही तासांत संपतो आणि जिवाणू मरू लागतात. ६० वॅटचा पंप दिवसरात्र चालला तरी दिवसाला दीड युनिटही जळत नाही. मुळशीत पावसाळ्यात वीज गेली की लवकर येईलच असं नाही, तेव्हा बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप घरात असावाच.

नळाखाली फिल्टर खसाखसा धुणं हाही असाच घातक प्रकार. गावच्या नळाला टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेलं पाणी येतं. त्यातलं क्लोरीन हेच जिवाणू मारतं. फिल्टरमध्ये स्पंज असतील तर ते तळ्याच्याच पाण्यात, बादलीत पिळावेत, आणि सगळे एकाच दिवशी नाहीत.

आता बांधणी. १० फूट लांब, ८ फूट रुंद, ४ फूट खोल तळ्यात साधारण ९,००० लिटर पाणी मावतं. दोन तासांत ते एकदा फिल्टरमधून जायचं तर ताशी ४,५०० लिटरचा प्रवाह हवा. म्हणजे २०० लिटरच्या एका ड्रममध्ये पाणी तीन मिनिटंही थांबत नाही, तेवढ्यात गाळ बसणार कसा? म्हणून गाळासाठी शेजारी शेजारी दोन ड्रम घ्यावेत, प्रवाह दोघांत वाटून द्यावा आणि दोघांच्या बुडाला कॉक बसवावा. तिसऱ्या ड्रममध्ये कांद्याच्या जाळीच्या गोण्यांत बाटल्यांची झाकणं, पाइपचे तुकडे भरावेत आणि खालून हवा सोडावी. पंप सगळ्यांच्या शेवटी. तो आधी लावला तर विष्ठेचा भुगा होतो आणि तो बसता बसत नाही. पंप शेवटी ठेवण्यासाठी ड्रम तळ्याच्या पातळीला जमिनीत उतरवावे लागतात. रसायनाचा जुना ड्रम, कितीही धुतला तरी, वापरू नये.

एवढं करूनही पाणी हिरवं राहू शकतं, कारण एकपेशीय शेवाळ फिल्टरमधून सहज निसटतं. त्याला यूव्ही दिवा लागतो: शेवाळाच्या पेशी मरून गोळा होतात आणि मग फिल्टर त्या पकडतो. अमोनियावर या दिव्याचा काही उपयोग नाही. दुसरा मार्ग आपल्या परसातला आहे. मोरीच्या पाण्यावर अळू आणि कर्दळ लावतात, तसाच परतीच्या पाण्याच्या वाटेवर खडीचा वाफा करून त्यात ती लावावी. मुळं शेवाळाच्या वाटचं नायट्रेट ओढून घेतात. जलपर्णीही हे काम झपाट्याने करते, पण ती ओढ्यात गेली तर मुळा नदीपर्यंत पोचते, आणि पुण्याच्या नद्या तिने आधीच कोंदल्या आहेत. ती लावूच नये.

पावसाळ्यातला लाल गढूळपणा निराळा. माती इतकी बारीक असते की ती कुठल्याच स्पंजमध्ये थांबत नाही. तळ्याचा काठ जमिनीपासून वीतभर वर घेतला आणि बाजूने चर काढला की वाहतं पाणी आत येत नाही. तुरटीने पाणी निवळतं हे खरं, पण ती पाण्यातली क्षारता खाते, आणि पावसाच्या पाण्यात ती मुळातच कमी असते. क्षारता संपली की सामू (पीएच) एका रात्रीत कोसळून मासे मरू शकतात. जिवाणूही कामासाठी तीच क्षारता वापरतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये टेस्ट किटने क्षारता तपासत राहावी. ती घटली तर ९,००० लिटरला पाव किलो खाण्याचा सोडा क्षारतेत लिटरमागे साधारण १६ मिलिग्रॅमची भर घालतो. मात्र आधी अमोनिया मोजावा, कारण सामू वाढला की अमोनिया अधिक विषारी होतो. सोडा बादलीत विरघळवून, दोन-तीन दिवसांत विभागून घालावा.