रोजगार हमी योजना, महाराष्ट्रातील
ग्रामीण भागात अकुशल अंगमेहनतीचे काम करण्यास तयार असलेल्या प्रौढ व्यक्तीस तिच्या मागणीनुसार काम पुरविण्याची जबाबदारी स्वीकारणारी महाराष्ट्र शासनाची योजना. अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांना आधार देणाऱ्या शासकीय धोरणांत तिचे स्थान वेगळे आहे. कारण तिच्यात साहाय्य हे अनुदान वा दान म्हणून नव्हे, तर कामाचा मोबदला म्हणून आणि पुढे कायदेशीर हक्क म्हणून मिळू लागले.

उगम : योजनेचा उगम सांगली जिल्ह्यातील आहे. या जिल्ह्याचा पश्चिम भाग कृष्णा-वारणा खोऱ्यांमुळे बागायती, तर जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, खानापूर इ. पूर्वेकडील तालुके अवर्षणप्रवण आहेत. तेथील कोरडवाहू शेतीत वर्षाकाठी थोडे महिनेच काम मिळे. उरलेल्या काळात मजूर व अल्पभूधारक कुटुंबांना उसनवारी किंवा स्थलांतर एवढेच मार्ग उरत. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी यावर उपाय म्हणून कामाच्या हमीची कल्पना मांडली आणि १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरच्या परिसरात ती प्रयोगादाखल राबविण्यात आली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये योजना राज्यासाठी स्वीकारण्यात आली. त्याच सुमारास पडलेल्या तीव्र दुष्काळामुळे तिची जागा काही काळ दुष्काळी कामांनी घेतली. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर सु. ५० लाख मजूर होते. दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा चालू झाली. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदातील कामाच्या हक्काविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वास त्यामुळे राज्यापुरते कायद्याचे रूप लाभले.

स्वरूप व कार्यपद्धती : नाव नोंदवून कामाची मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम देणे शासनावर बंधनकारक होते, तसे न झाल्यास बेकारी भत्ता देय असे. त्याचा किमान दर प्रतिदिनी एक रुपया ठेवण्यात आला. नवे काम उघडण्यासाठी सामान्यतः किमान ५० मजुरांची मागणी आवश्यक असे. एकूण खर्चापैकी किमान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर व्हावा, अशी अट होती. नालाबांध, पाझर तलाव, शेतांची बांधबंदिस्ती, वनीकरण आणि रस्ते ही प्रमुख कामे होत. मजुरी कामाच्या मापावर ठरे व स्त्री-पुरुषांसाठी दर समान असत. १९९० पासून फळबाग लागवडीची योजनेशी सांगड घालण्यात आली.

लाभार्थी निवडण्यासाठी उत्पन्नाचा दाखला मागण्याची गरज नव्हती. काम कष्टाचे व मजुरी बेताची असल्याने ज्यास खरोखर निकड असेल, तोच कामावर येई. ही निवड आपोआप होत असल्याने वशिल्यास वाव कमी राही. खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसविण्यात आला व अन्य काही करांवर अधिभार लावण्यात आले. शासनही तेवढ्याच रकमेची भर घाली. अशा रीतीने मुंबईसारख्या शहरांतील पगारदार व व्यावसायिक यांच्याकडून आलेला पैसा कोरडवाहू गावांतील मजुरीवर खर्च होऊ लागला.

कुटुंब व मुले : कामासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते, त्यामुळे मुलांना योजनेचा लाभ मिळे, तो पालकांच्या मजुरीतून. गावाजवळ काम मिळाले, तर ऊसतोडीस वा शहराकडे जाणे टळते आणि मुलाची शाळा मध्येच सुटण्याचा धोका कमी होतो. स्त्रियांचे प्रमाण या कामांवर मोठे राहिले. मात्र आई कामावर असताना तान्ह्या मुलास कोणी सांभाळायचे, हा प्रश्न कळीचा ठरतो. कामाच्या जागी पाळणाघर, सावली व पिण्याचे पाणी यांची तरतूद असली, तरी ती पुष्कळदा कागदावरच राही. अशा वेळी धाकट्या भावंडासाठी थोरल्या मुलीस घरी ठेवले जाते; म्हणजे कुटुंबाच्या मजुरीची किंमत तिच्या शिक्षणाने चुकती होते. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडीशी रोजगार हमीच्या कामांचा मेळ घालणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

मूल्यमापन : दुष्काळी वर्षांत योजनेने असंख्य कुटुंबांना तारले आणि मजुरास काम मागण्याचे बळ दिले. तथापि उणिवाही स्पष्ट आहेत. खोट्या हजेऱ्या, मजुरी मिळण्यास होणारा विलंब आणि अर्धवट राहिलेली कामे यांविषयी वारंवार तक्रारी झाल्या. पाझर तलावांसारख्या कामांचा टिकाऊ लाभ मुख्यतः जमीनधारकांस मिळाला. ती कामे करणाऱ्या भूमिहीनांच्या वाट्यास मजुरीच आली. १९८८ मध्ये शेतमजुरांच्या किमान वेतनाबरोबर योजनेतील मजुरीही सु. दुप्पट झाली, परंतु त्यानंतर मागणीच्या मानाने कामे कमी उघडली गेल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. मजुरीचा दर वाढवून कामे आखडती घेतली, तर हमी नावापुरतीच उरते, हा त्यातील महत्त्वाचा धडा होय. बेकारी भत्ताही क्वचितच दिला गेला.

केंद्र शासनाने २००५ मध्ये केलेल्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यास महाराष्ट्राचा अनुभव आधारभूत ठरला. त्यात प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षातून १०० दिवसांच्या कामाची हमी देण्यात आली. राज्याच्या मूळ कायद्यात मात्र दिवसांची अशी मर्यादा नव्हती. केंद्रीय कायदा १ एप्रिल २००८ पासून देशातील सर्व ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाला.

पूर्व सांगलीत ताकारी, म्हैसाळ व टेंभू या उपसा सिंचन योजनांचे पाणी अनेक गावांत पोहोचल्याने कामाच्या मागणीचे स्वरूप बदलले आहे. तरीही जमीन व पाणी या दोहोंपासून वंचित असलेल्या कुटुंबांसाठी, एका तालुक्यातील प्रयोगातून पुढे आलेले कामाच्या हमीचे तत्त्व आजही तितकेच महत्त्वाचे आहे.