तरंगण्याचं कारण उंची नव्हे

२० जुलै २०२१ ला ब्लू ओरिजिनच्या ‘न्यू शेपर्ड’ने जेफ बेझोससह चौघांना टेक्सासमधून सुमारे १०७ किलोमीटर उंचीवर नेलं. दहा मिनिटांत सगळे परत जमिनीवर! मधली जेमतेम तीन-चार मिनिटं ते तरंगले. का? ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसतं’ असं म्हणत असाल, तर थांबा. त्या उंचीवर ते फक्त तीन-साडेतीन टक्क्यांनी कमी असतं. इंजिन बंद पडल्यावर यान आणि माणसं एकाच त्वरणाने पडत असतात, अगदी वर जातानाही. वर फेकलेल्या दगडासारखंच. म्हणून वजन जाणवत नाही.

मग ते पृथ्वीभोवती फिरत का राहिले नाहीत? त्यासाठी सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर आडवा वेग लागतो. न्यू शेपर्डचा वेग होता साधारण १ किलोमीटर, तोही उभा. वेग जवळपास आठपट, म्हणजे दर किलोमागे गतिज ऊर्जा साठपट.

त्यामुळे उद्या वजनरहित अवस्थेतला प्रयोग आखताना ‘यान किती उंच जाईल?’ एवढंच विचारू नका. आधी विचारा, ‘माझ्या प्रयोगाला किती मिनिटं हवीत?’ ज्योत कशी जळते हे तीन मिनिटांत बघता येईल. रोप कसं वाढतं, ते नाही.